गोव्याचा लढा छत्तीस तासांत मावत नाही

दरवर्षी १९ डिसेंबर जवळ आला की गोव्याच्या मुक्तीबद्दल तीच चार विधाने नव्या जोमाने फिरू लागतात. पहिले असे, की भारतीय सैन्याने ३६ तासांत गोवा घेतला आणि त्याआधीचे सत्याग्रह ही हौशी मंडळींची धडपड होती. दुसरे, गोव्यातली माणसे पोर्तुगिजांच्या राज्यात सुखात होती, लढा बाहेरच्यांनी लादला. तिसरे, ज्याला लेखी पुरावा नाही ते इतिहास म्हणून सांगू नये. आणि चौथे विधान तर आपल्याच माणसांचे असते: स्मारके झाली, निवृत्तिवेतन दिले, सुट्टी जाहीर आहे, आता आणखी काय जपायचे राहिले?

ही विधाने करणारे सगळे एका गटातले नाहीत. कोणी लष्कराच्या अभिमानापोटी बोलतो, कोणी पोर्तुगीज काळाच्या ओढीने, कोणी संशोधकाच्या शिस्तीपोटी, कोणी नुसत्या कंटाळ्याने. पण चारही विधाने मान्य केली की शेवटी एकच घडते. गोव्याच्या लढ्याची साक्ष द्यायला फक्त एक साक्षीदार उरतो, आणि तो म्हणजे ज्यांच्याविरुद्ध हा लढा झाला त्यांचे पोलीस खाते. माझे सगळे भांडण या एका गोष्टीशी आहे.

छत्तीस तासांपासून सुरुवात करू, कारण ते खरे आहेत. १९६१ च्या डिसेंबरातली लष्करी मोहीम दीड दिवसात संपली. लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता की शरणागती नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढा. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो पाळला नाही आणि गोव्यातली घरे-देवळे-चर्चे वाचली. अंजदीव बेटावर आपल्या नौदलाचे ७ जण कामी आले. या कामगिरीला कणभरही उणेपणा आणण्याची इच्छा नाही. प्रश्न वेगळा आहे. १९४७ साली हातात आलेल्या सैन्याला १९६१ साली गोव्यात पाऊल टाकता आले, ते मधल्या चौदा वर्षांत कोणी आणि काय केले म्हणून?

पोर्तुगालने १९५१ मध्ये आपली राज्यघटना बदलली आणि वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ असे नाव दिले. म्हणजे कायद्याच्या भाषेत गोवा ही वसाहत उरलीच नाही. मिन्हो किंवा आल्गार्व्हसारखा तो पोर्तुगालचाच एक भाग झाला. जगापुढे लिस्बनचा युक्तिवाद असा होता की इथे गुलामगिरी नाही, त्यामुळे मुक्तीचा प्रश्नच उद्भवत नाही. हा युक्तिवाद रणगाड्याने मोडत नाही. तो मोडायला गोव्यातलीच माणसे लागतात, जी उभी राहून म्हणतील की आम्ही पोर्तुगीज नाही, आणि त्यापायी तुरुंगात जातील. १९६० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५४२ क्रमांकाचा ठराव केला आणि स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत गोव्याचे नाव घातले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हेगच्या न्यायालयातही पोर्तुगालचे दादरा-नगर हवेलीबाबतचे मुख्य गाऱ्हाणे टिकले नव्हते. पुढे वर्षभराने सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आला, तो सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने पडला. पण भारताच्या बाजूने मांडण्यासारखे जे काही होते, ते गोव्यातल्या आग्वादच्या आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या व काशियशच्या तुरुंगांच्या कोठड्यांमधून आले होते.

आणि पोर्तुगालच्याच ताब्यातली दादरा-नगर हवेली तर सैन्याने घेतलीच नाही. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स, आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक अशा वेगवेगळ्या गटांनी ती मुक्त केली. २२ जुलैला दादरा, २ ऑगस्टला सिल्वासा. त्यात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, फ्रान्सिस मास्कारेन्हस होते, वामन देसाई होते. पुढे १९६१ पर्यंत हा मुलूख स्थानिक पंचायतीच्या कारभारावर चालला. छत्तीस तासांच्या हिशेबात ही सात वर्षे कुठे बसवायची?

त्या हिशेबात मोहन रानडेही बसत नाहीत. सांगली जिल्ह्यातून आलेले मनोहर आपटे हे गोव्यात मोहन रानडे झाले, सावई-वेऱ्याला मराठी शाळेत शिकवू लागले आणि आझाद गोमंतक दलात गेले. १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात ते गोळी लागून पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. त्यांना लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात नेले. गोवा मुक्त झाला, पणजीवर तिरंगा चढला, विधानसभेची निवडणूक झाली, जनमत कौल झाला, आणि रानडे अजून काशियशमध्येच होते. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. कवी आणि पत्रकार तेलो मास्कारेन्हस त्याच्याही नंतर, १९७० साली. पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या ३१ डिसेंबरला, तेही स्वतःच्या देशातली हुकूमशाही उलथल्यानंतर. ज्याला छत्तीस तासांचाच हिशेब मांडायचा आहे त्याने रानड्यांची तेराहून अधिक वर्षे आधी त्यात मिळवून दाखवावीत.

आता सुखाचे विधान. हे मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात थोडे सत्य आहे आणि ते लपवण्यात आपले भले नाही. १९५० च्या दशकात गोव्यातून जपानला लोहखनिज जाऊ लागले, खाणमालकांच्या हाती पैसा आला. भारताने सरहद्द बंद केल्यावर मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरींवर जगणाऱ्या घरांचे हाल झाले आणि त्या घरांचा राग दिल्लीवरही होता. बऱ्याच ख्रिस्ती कुटुंबांना उद्याची भीती वाटत होती. हे सारे नोंदवायलाच हवे. मुक्तिलढ्याचा जो इतिहास ही माणसे वगळून लिहिला जाईल तो कच्चा राहील.

पण सुख मोजायचे कशाने? ज्या राज्यात सभा घ्यायला परवानगी लागते, छापील कागद आधी सेन्सॉरकडे न्यावा लागतो, लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नाही, तिथे लोक गप्प आहेत म्हणून ते सुखी आहेत असे म्हणायला कोणता आधार आहे? १७ फेब्रुवारी १९५४ च्या रात्रीची एक मेजवानी पाहा. एका पोर्तुगीज अधिकाऱ्याने भाषणात गोवा म्हणजे पोर्तुगाल असे म्हटले. म्हापशाचे शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे तिथे होते. ते एवढेच म्हणाले की माझा याला विरोध आहे. त्यांच्या हातात बंदूक नव्हती, पत्रक नव्हते. त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला पाठवण्यात आले. त्यांची पत्नी एदिला स्वतः अझोर्स बेटांवरची पोर्तुगीज होती. जेवणाच्या टेबलावरच्या एका वाक्याला जे राज्य एवढे घाबरते, त्याला आपल्या प्रजेचे सुख किती पक्के माहीत होते ते यावरून कळते.

लढा बाहेरून आला म्हणणाऱ्यांनी गोव्याच्या आतला क्रम एकदा लावून पाहावा. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी मिशनऱ्यांना प्रतिकार केला, म्हणून त्यांच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारले. १७८७ चे पिंटोंचे बंड कांदोळीच्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या घरात शिजले. सत्तरीच्या राण्यांनी एकोणिसाव्या शतकात पुन्हा पुन्हा शस्त्र उचलले. दिपाजी राण्यांचे बंड १८५२ चे, दादा राण्यांचे १८९५ चे. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९३० च्या जुलैत, सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध, गोव्याच्या कौन्सिलातच स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. चांदरचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती काढली आणि १९४४ मध्ये गोमंतकीयांचे राष्ट्रीयत्व कसे पुसले गेले यावर एक पुस्तिका लिहिली. ती आजही वाचताना अंगावर येते. राममनोहर लोहिया १८ जून १९४६ ला मडगावच्या मैदानात बोलायला उभे राहिले, तेही असोळण्याच्या डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी विश्रांतीला आले होते म्हणून. लोहियांना सरहद्दीबाहेर सोडून दिले. मागे राहिलेल्यांना जड शिक्षा झाल्या. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे, जुझे इनासियो लॉयोला यांना समुद्रापार पोर्तुगालच्या तुरुंगात धाडले. यातला बाहेरचा कोण?

मराठी वाचकापुढे इथे एक अवघड गोष्ट ठेवावी लागते. लढा बाहेरून आला हे विधान खोटे असूनही ते टिकून राहिले, त्यात आपल्या सांगण्याचाही हात आहे. पुण्या-मुंबईत गोवामुक्तीची गोष्ट सांगितली जाते ती १८ मे १९५५ पासून. ना. ग. गोरे आणि सेनापती बापट पहिली तुकडी घेऊन सरहद्द ओलांडतात, मग शिरूभाऊ लिमये, मधू लिमये, जगन्नाथराव जोशी. त्यांतल्या अनेकांना दहा-बारा वर्षांच्या शिक्षा. आणि १९५७ च्या फेब्रुवारीत सुटका. पुण्याच्या गोवा विमोचन सहायक समितीत केशवराव जेध्यांपासून जयंतराव टिळकांपर्यंत निरनिराळ्या विचारांची माणसे एकत्र बसली, ही महाराष्ट्राच्या राजकारणातली दुर्मिळ घटना होती, आणि तिचा अभिमान योग्यच आहे. पण या गोष्टीत १५ ऑगस्ट १९५४ ला तेरेखोलच्या किल्ल्यावर झेंडा लावणारे आल्फ्रेड आफोन्सो आणि त्यांचे सोबती कितीदा येतात? १८ फेब्रुवारी १९५५ ला पोलीस कोठडीत मारहाणीने मेलेला अस्नोड्याचा तरुण बाळा राया मापारी कितीदा येतो? लिमये-गोरे येण्याआधी तीन महिने तो मेला होता. गोमंतकीय ख्रिस्ती स्वातंत्र्यसैनिकांची नावे आपल्या गोष्टीतून एकेक करून गळाली, आणि मग त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून दुसरी बाजू म्हणते, बघा, ख्रिस्ती लोक लढ्यात नव्हतेच. आपल्या आळसाने त्यांच्या खोट्याला जागा करून दिली.

स्त्रियांचेही तेच. सुधाताई जोशी यांना आपण महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी म्हणून ओळखतो. पण ६ एप्रिल १९५५ ला, सर्वत्र पोलीस असताना, म्हापशात नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिलेल्या आणि तिथेच पकडल्या गेलेल्या त्या होत्या. लीबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी १९५५ च्या नोव्हेंबरापासून १९६१ च्या डिसेंबरापर्यंत सह्याद्रीच्या रानातून भूमिगत नभोवाणी चालवली, कोकणीतून आणि पोर्तुगिजातून. सहा वर्षे ऊन, पाऊस, जळवा, विंचू, आणि रोज ठरल्या वेळी बातम्या. गोवा मुक्त झाल्याची घोषणा लीबियाबाईंनी विमानातून ध्वनिक्षेपकावर केली. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०२५ साली. त्या सहा वर्षांत वाचलेल्या बातम्यांच्या संहिता एकत्र करून, तारीखवार लावून, मराठी-कोकणीत टिपांसह छापण्याचे काम एखाद्या विद्यापीठाने कधीच हाती घ्यायला हवे होते. गोव्यातल्या माणसाने सेन्सॉर केलेल्या वर्तमानपत्रापलीकडे काय ऐकले, हे सांगणारा दुसरा इतका सलग पुरावा नसेल.

पक्षांनी तर या आठवणींची वाटणीच करून घेतली आहे. समाजवादी आपले सत्याग्रही मोजतात, कम्युनिस्ट आपले, संघ-जनसंघवाले आपले. आझाद गोमंतक दलाची सशस्त्र कामगिरी कोणाच्याच सोहळ्यात नीट बसत नाही म्हणून ती बाजूला राहते. १९६७ च्या जनमत कौलाने आणखी एक भिंत उभी केली. महाराष्ट्रात विलीनीकरण हवे असणारे आणि त्याचे विरोधक असे दोन तट पडले आणि तुरुंगात एकाच कोठडीत राहिलेली माणसे आठवणी लिहितानाही या वादाच्या अलीकडची-पलीकडची झाली. पंडित नेहरूंनी १९५५ च्या ऑगस्टनंतर सत्याग्रह थांबवले, सरहद्द बंद केली. त्याबद्दलचा सत्याग्रह्यांचा संताप आणि नेहरूंची कारणे, दोन्ही जशीच्या तशी नोंदली पाहिजेत. आज कोणाला सोयीचे आहे म्हणून त्यातली एक पुसून चालणार नाही.

आता तिसरे विधान, लेखी पुराव्याचे. मला हेच सर्वांत घातक वाटते, कारण ते अभ्यासाच्या भाषेत बोलते.

भूमिगत काम करणारा माणूस चिठ्ठी वाचतो आणि जाळतो. खरे नाव लिहीत नाही, तारीख लिहीत नाही, कोणाच्या घरी जेवला ते तर मुळीच लिहीत नाही, कारण ते घर उद्या धाडीत सापडेल. बांद्यापासून दोडामार्गापर्यंत सरहद्दीवरच्या ज्या घरांनी गोव्यातून निसटून आलेल्यांना रात्री पाणी आणि भाकरी दिली, त्यांच्या नोंदी कोणत्या वहीत असतील? जी माणसे आपले काम चोख करत होती त्यांच्याकडे कागद नाहीत. मग कागद कोणाकडे आहेत? पोलिसांकडे. सालाझारच्या गुप्त पोलिसांचे, पिडेचे, दफ्तर आज लिस्बनच्या तोरे दो तोंबो पुराभिलेखागारात आहे आणि १९९४ पासून संशोधकांना खुले आहे. ते खुले झाले हे चांगलेच झाले. पण त्यात आरोपी म्हणून ज्याचा जबाब आहे, तो जबाब कसा घेतला गेला हे त्या कागदावर लिहिलेले नाही.

कासिमिरो मोंतेरो या पोलीस अधिकाऱ्याचे नाव घेतले तरी त्या पिढीतल्या गोवेकरांचे चेहरे बदलत असत. त्याने कोठडीत काय केले ते सुटून आलेल्यांनी तोंडाने सांगितले. हाच मोंतेरो पुढे पिडेत गेला आणि १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तो देल्गादो यांच्या खुनात सामील झाला. पोर्तुगीज न्यायालयाने नंतर त्याला गैरहजेरीत दोषी धरले. गोव्यातल्या माणसांनी वीस-पंचवीस वर्षे आधी जे सांगितले होते त्याला पोर्तुगालच्या न्यायालयाने अशी पुष्टी दिली. तोपर्यंत त्यांचे बोलणे ‘पुराव्याविना’ होते.

केनियाचे उदाहरण तर याहून उघड आहे. माऊ माऊ बंडाच्या काळात ब्रिटिशांच्या छावण्यांत झालेल्या छळाविरुद्ध काही वृद्ध केनियन २००९ मध्ये लंडनच्या न्यायालयात गेले. साक्षीला त्यांची स्वतःची शरीरे आणि आठवणी होत्या. सरकार कागदांवर ठाम होते. मग खटल्याच्या रेट्याने २०११ मध्ये बाहेर आले की इंग्लंडमधल्या हॅन्सलोप पार्क या सरकारी आवारात ३७ माजी वसाहतींमधल्या सुमारे ८,८०० फायली इतकी वर्षे लपवून ठेवल्या होत्या. वसाहती सोडताना अडचणीचे कागद जाळण्याचे, नाहीतर खोक्यांत वजन घालून समुद्रात बुडवण्याचे आदेश होते. २०१३ मध्ये ब्रिटनने ५,२२८ केनियनांना जवळजवळ दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. इथे आधी आली ती आठवण. कागद तिच्या मागून आला, तोही ओढून काढावा लागला. त्या म्हाताऱ्यांना पहिल्याच दिवशी कोणी म्हटले असते की लेखी पुरावा आणा आणि मग बोला, तर ब्रिटिश राज्याची ती काळी खोली आजही बंदच राहिली असती.

याचा अर्थ आठवण पवित्र आहे आणि ती तपासू नये, असा मुळीच नाही. आठवणीत तारखा सरकतात. दोन घटनांची एक होते. निवृत्तिवेतनाचा अर्ज भरताना माणूस आपला सहभाग थोडा वाढवतो. शेजाऱ्याने सांगितलेले पुढे आपणच पाहिल्यासारखे वाटू लागते. म्हणून तर ती पोलिसांच्या कागदाशी, वर्तमानपत्राशी, दुसऱ्या साक्षीदाराशी ताडून पाहायची. पण ताडून पाहायला आधी ती टिपलेली हवी. जे लोक लेखी पुरावा मागतात त्यांनी साक्षी टिपून घेण्याचे काम स्वतः केले असते तर त्यांच्या आग्रहाला वजन आले असते.

१५ ऑगस्ट १९५५ चा गोळीबार घ्या. दिवसाढवळ्या झाला. परदेशी वार्ताहर हजर होते. हजारो सत्याग्रही निरनिराळ्या नाक्यांवरून आत शिरले होते. पात्रादेवीला पंजाबातल्या इसरू गावचा तरुण करनैलसिंग बेनिपाल पडला, मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय गोळी लागून जखमी झाल्या, पनवेलचे हिरवे गुरुजी मारले गेले. आणि मृतांचा आकडा? कोणी वीस-बावीस सांगतो, कोणी तीसच्या वर. इतक्या लोकांच्या डोळ्यांदेखत झालेल्या घटनेतल्या मृतांच्या संख्येवर, नावांवर आणि गावांवर एकमत झालेली एकही यादी मराठी वाचकाच्या हाती सहज येत नाही. ही लाज पोर्तुगिजांची नाही. ते गेल्याला साठ वर्षे उलटली आहेत.

आणि आता चौथे विधान करणाऱ्यांना. पात्रादेवीला हुतात्म्यांचे स्मारक आहे, पणजीच्या आझाद मैदानात कुन्हांचे स्मारक आहे, मडगावला लोहिया मैदान आहे, आग्वादच्या तुरुंगाचे २०२१ मध्ये संग्रहालय झाले. प्रत्येक ठिकाणी मान झुकते. पण दगडावर नाव कोरले म्हणून त्या नावाचा माणूस कळत नाही. तो शेतमजूर होता की शिक्षक, सत्याग्रहाला का निघाला, घरी कोण होते, मागे राहिलेल्या बायकोने संसार कसा ओढला, हे दगड सांगत नाही. विचारले तर उलट प्रश्नाचे उत्तरही देत नाही. ज्याला उद्या लढ्याची चेष्टा करायची असेल त्याला स्मारकाची अडचण होत नाही. त्याला अडचण होते ती बारीक, तपासलेल्या, नाव-गाव-तारखेसह ठेवलेल्या नोंदीची.

शिवाय भाषेचा प्रश्न आहे. लष्करी न्यायालयांनी सत्याग्रह्यांना दिलेल्या शिक्षांचे निकाल पोर्तुगिजात आहेत. ते सहज वाचणारी गोव्यातली पिढी थकत चालली आहे. सरकारी कागदाची पोर्तुगीज आणि सत्तरीच्या माणसाची मराठी-कोकणी अशा दोन्ही भाषा ज्यांच्या जिभेवर आहेत असे जाणकार पुढच्या काही वर्षांत मिळेनासे होतील. १९५५ साली विशीत असलेला सत्याग्रही आज नव्वदीच्या घरात आहे. साक्ष टिपून घ्यायची आणि कागदाचा अनुवाद करायचा, या दोन्ही कामांची मुदत एकाच वेळी संपत आली आहे. सुवर्णमहोत्सव, हीरकमहोत्सव येऊन गेले. त्यांत व्यासपीठांवर आणि मंडपांवर जो पैसा गेला त्याच्या थोड्या भागात हे काम झाले असते, असे मला ठामपणे वाटते.

ही नोंद गोव्यापुरतीही नाही, हे आपण विसरतो. १९६१ च्या एप्रिलमध्ये कासाब्लांका इथे पोर्तुगीज वसाहतींमधल्या राष्ट्रवादी संघटनांची परिषद झाली, तिथे अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊच्या शेजारी गोव्याचे प्रतिनिधी बसले होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात दिल्लीत झालेल्या परिसंवादात आफ्रिकेतल्या चळवळींच्या माणसांनी भारताला गोव्याबाबत पाऊल उचलायला सांगितले, कारण साम्राज्याची एक वीट हलली की आपली वाट सोपी होईल हे त्यांना दिसत होते. बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांझा पुढे मोझांबिकच्या फ्रेलिमो या मुक्तिसंघटनेचे झाले आणि १९८६ मध्ये मोझांबिकचे अध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात गेले. गोव्याच्या लढ्याची ही अर्धी बाजू मराठीत जवळजवळ कोणी सांगितलेली नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. महाराष्ट्र आणि गोवा या दोन सरकारांनी मिळून लिस्बनच्या दफ्तरांतल्या गोव्याच्या चळवळीसंबंधीच्या कागदांच्या प्रती आणाव्यात, त्यांचे मराठी आणि कोकणी अनुवाद करून खुले ठेवावेत, आणि १९५४-५५ च्या सत्याग्रहांतल्या मृतांची, जखमींची, बंदिवानांची एकच यादी, कोणत्या नावाला काय आधार आहे हे लिहून, प्रसिद्ध करावी. पक्षांनी आपापल्या कचेऱ्यांत ठेवलेली पत्रके आणि सत्याग्रह्यांच्या याद्या त्यासाठी द्याव्यात; त्यांची मालकी मागायला कोणी येणार नाही.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या पुण्यातल्या, बेळगावातल्या, सावंतवाडीतल्या, म्हापशातल्या घरी एखादी ट्रंक आहे, ज्यात आजोबांची तुरुंगातली पत्रे, सायक्लोस्टाइल केलेली पत्रके, तुकडीचा फोटो असेल, त्यांनी ती या आठवड्यातच उघडावी. फोटोतल्या माणसांची नावे ज्या आजींना माहीत आहेत त्यांच्याजवळ बसून ती पेन्सिलीने मागे लिहून घ्यावीत. त्यांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण फोनवर करावे, तारीख आणि गाव आधी बोलून घ्यावे. मग मूळ कागद स्वतःकडे ठेवा हवे तर, पण एक प्रत पणजीच्या पुराभिलेखागारात किंवा जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्या, आणि पावती घ्या.